वेगळं ठेवलंय, असं तुम्ही सांगितलं होतंत



या पत्रात तुमचं नाव घालत नाही. घातलं असतं तर पहिला फटका तुम्हाला बसला नसता. तुमच्या प्लॅटफॉर्मवर अजून ज्यांची बिलं फाडली जातात, पगारपत्रकं निघतात आणि जीएसटीचे आकडे जुळवले जातात, त्या गिऱ्हाइकांना बसला असता. त्यांचा यात काही दोष नाही. दोष तुमचा आहे, आणि तो तुम्हाला नीट कळावा म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. खाजगीत सांगून झालं. खाजगीत तुम्ही "छोटा बग होता, फिक्स केलाय" म्हणालात आणि फोन ठेवलात.

काय झालं ते आधी सांगतो, कारण तुमच्या इतर गिऱ्हाइकांना तुम्ही ते सांगितलेलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या अकाउंटंट बाईंनी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 31 मार्चअखेरची येणेबाकीची यादी काढली. पहिल्याच ओळीत पंप बनवणारी एक पार्टी होती, जिला या फाउंड्रीने आजवर किलोभरही माल दिलेला नाही. बाईंना वाटलं, कोणीतरी लेजर चुकीचं उघडलं असेल. त्या खाली खाली जात राहिल्या. पाचव्या-सहाव्या नावाशी त्यांच्या लक्षात आलं की ही यादी आपली नव्हेच, गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या एका फाउंड्रीची आहे. कोणाकडून किती येणं, कोण नव्वद दिवसांच्या पुढे गेलाय, रिजेक्शनपोटी कोणी किती डेबिट नोटा लावल्यात, सगळं समोर होतं. शेवटच्या रकान्यात शेवटच्या बिलाचा किलोमागचा दर होता. हा रकाना तुमच्याच टीमने मोठ्या कौतुकाने जोडून दिला होता.

या दोन्ही फाउंड्र्या एकाच ट्रॅक्टर कंपनीला कास्टिंग देतात. कोल्हापुरात धंदा करता, तेव्हा याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव हलला की दराची बोलणी सुरू होतात, आणि किलोमागे पन्नास पैशांवरून एखादा पॅटर्न, म्हणजे एका कास्टिंगचं काम, इकडून उचलून तिकडे जातो. पॅटर्न गेला की त्याच्यावर चालणारी पाळी जाते. समोरच्याचा दर कळावा म्हणून लोक काय काय खटपटी करतात. तुम्ही तो रकान्यात मांडून फुकट वाटलात.

त्या बाईंनी काय केलं? प्रिंट काढली नाही, फोटो काढला नाही, स्क्रीन बंद केली आणि मालकांना सांगितलं. मालकांनी तुम्हाला फोन केला. तुमच्या सपोर्टने सांगितलं, "मॅडमना ब्राउझरची हिस्टरी क्लिअर करून परत लॉगिन करायला सांगा." ब्राउझरचा काडीचा संबंध नव्हता. ती यादी तुमच्या सर्व्हरने पाठवली होती आणि हे तुमच्या सपोर्टवाल्याला ठाऊक नसेल, तर त्याला तिथे बसवणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. मग मालकांनी मला बोलावलं. मी तुमच्याच धंद्यातला, अनेक कंपन्यांनी मिळून वापरायची सॉफ्टवेअरं बांधणारा. मालक हटून बसले म्हणून तुमच्या टीमने माझ्याबरोबर एक कॉल केला. त्या कॉलवर जे कळलं, त्यामुळे माझी झोप उडाली. तुमची उडाली नाही, याचा मला राग आहे.

तुमच्या प्रोग्रामरने क्वेरी बरोबर लिहिली होती. 'फक्त या कंपनीचं दाखव' ही अट तिच्यात होती. चूक तिच्या पुढे होती. वर्षअखेरीला याद्या काढायला वेळ लागतो म्हणून तुम्ही तयार झालेलं उत्तर कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा चटकन देता यावं अशा तात्पुरत्या साठ्यात, ठेवायला लागलात. ठेवताना त्याला नाव दिलंत रिपोर्टचं आणि तारखेचं. कंपनीचा क्रमांक त्या नावात घातलाच नाही. गोकुळ शिरगावने 31 मार्चची यादी मागितली, ती तयार होऊन कॅशमध्ये बसली. थोड्या वेळाने शिरोलीने 31 मार्चची यादी मागितली. सर्व्हरने पाहिलं, या नावाचं उत्तर तयार आहे. दिलं उचलून.

मी विचारलं, टेस्टिंगमध्ये हे दिसलं कसं नाही? तुमच्या टीममधल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, "टेस्टच्या डेटाबेसमध्ये एकच कंपनी आहे, सर. डेमो ट्रेडर्स."

एकच कंपनी! अनेक कंपन्यांचा माल एकत्र ठेवण्याचे तुम्ही पैसे घेता आणि तपासता एका कंपनीवर. जिथे एकच गिऱ्हाईक आहे तिथे एकाचं दुसऱ्याला दिसणार कसं? ही चूक तुमच्या तपासणीत सापडणं शक्यच नव्हतं. ती गिऱ्हाइकाच्याच स्क्रीनवर सापडणार होती, आणि तशीच सापडली. त्या मुलावर खापर फोडू नका. दोन कंपन्या टाका, दोघींच्या बिलांना सारखेच नंबर द्या, सारख्याच तारखा द्या आणि प्रत्येक रिपोर्ट आधी एकीच्या, मग लगेच दुसरीच्या नावाने काढून पाहा, हे सांगायचं काम तुमचं होतं.

आता तुमच्या बचावाकडे येतो. मालकांना तुम्ही म्हणालात, "शेअर्ड सिस्टीम आहे, स्वस्तात मिळते, त्यात असं कधीमधी व्हायचंच. अगदी वेगळं हवं तर डेडिकेटेड सर्व्हर घ्या, चौपट पैसे पडतील." हे खोटं आहे, आणि ज्यांना यातलं कळत नाही त्यांना घाबरवण्यासाठी बोललेलं खोटं आहे.

एकत्र ठेवण्यात पाप नाही. तासगाव-सांगलीकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शेकडो शेतकऱ्यांचा बेदाणा एकाच थंडीत राहतो. कोणी म्हणत नाही की प्रत्येकाने आपापलं कोल्ड स्टोरेज बांधावं. पण प्रत्येक बॉक्सवर लॉट नंबर असतो, पावती असते, आणि पावतीशिवाय बॉक्स दाराबाहेर जात नाही. हमालाला आठवतंय का, यावर ते चालत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात सेल्सफोर्स 1999 साली उभी राहिली ती याच पायावर: हजारो कंपन्यांचा कारभार एकाच यंत्रणेवर, सगळ्यांना एकाच वेळी नवी आवृत्ती, सर्व्हर सांभाळायची कटकट कोणालाच नाही. या पद्धतीमुळेच पंचवीस माणसांच्या वर्कशॉपला दरमहा काही हजारांत असं सॉफ्टवेअर मिळतं, जे पूर्वी मोठ्या कारखान्यांनाच परवडायचं. मी हेच काम करतो, कारण माझा यावर विश्वास आहे. आपल्या भागातल्या वाढत्या धंद्याला यासारखा आधार नाही. म्हणूनच तुम्ही जेव्हा म्हणता की स्वस्त म्हटल्यावर गळती धरूनच चालायचं, तेव्हा तुम्ही तुमच्या एकट्याच्या चुकीसाठी सगळ्या पद्धतीला बदनाम करता.

गळती धरून चालावी लागत नाही. त्यासाठी चौपट पैसेही लागत नाहीत. तुम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरता. ओळीच्या पातळीवरचं संरक्षण त्यात 9.5 आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी 2016 पासून, फुकट मिळतं. डेटाबेसलाच सांगून ठेवायचं की आत्ता जो आलाय तो अमुक कंपनीचा आहे, त्याला फक्त त्याच क्रमांकाच्या ओळी दिसू देत. मग प्रोग्रामर एखाद्या क्वेरीत अट घालायला विसरला तरी दुसऱ्याचं काही बाहेर येत नाही. कंपनीचा क्रमांक सांगायलाच विसरला, तर यादी रिकामी येते. गिऱ्हाईक फोन करून ओरडतं की माझी यादी कुठे गेली. असा फोन शंभर वेळा आलेला परवडला. दुसऱ्याची यादी एकदाही गेलेली परवडत नाही.

कॉलवर मी हे विचारलं तेव्हा तुमचा वरिष्ठ म्हणाला, "ते ऑन केलंय आम्ही." केलंय खरं. पण तुमचं अॅप्लिकेशन डेटाबेसमध्ये कोणत्या नावाने शिरतं, तेही मी विचारलं. ते शिरतं टेबलांच्या मालकाच्या नावाने. मालकाला हे नियम लागू होत नाहीत. त्यालाही लागू करायचे तर तसं वेगळं सक्तीने सांगावं लागतं. कागदपत्रांत ते स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्ही दाराला कुलूप घातलंत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मास्टर किल्ली दिलीत. त्या कुलपाचा उल्लेख तुमच्या माहितीपत्रकात मात्र ठळक अक्षरांत आहे.

दुसरी खोच कनेक्शनची. डेटाबेसशी जोडणी महाग पडते म्हणून ती सगळ्यांत फिरवून वापरतात. एका कंपनीचं काम झालं की तीच जोडणी दुसरीला. जाताना पहिलीचा क्रमांक जोडणीवर तसाच राहिला, तर दुसरी कंपनी पहिलीच्या कपड्यांत आत शिरते. यावर उपाय एका ओळीचा आहे: क्रमांक त्या एका व्यवहारापुरताच लावायचा, व्यवहार संपला की तो आपोआप गळतो. तुमच्या कोडमध्ये तो लावला जातो पूर्ण जोडणीला, आणि काढण्याचं काम पुन्हा प्रोग्रामरच्या आठवणीवर.

तुमचा सगळा डोलारा आठवणीवर उभा आहे. क्वेरी लिहिताना आठवावं, कॅशमध्ये ठेवताना आठवावं, रात्री बारा वाजता थकबाकीची स्मरणपत्रं पाठवणाऱ्या प्रोग्रामात आठवावं. तिथे तर लॉगिन केलेला कोणीच नसतो, त्यामुळे 'आत्ता कोणत्या कंपनीचं काम चाललंय' हे सांगणारंही कोणी नसतं. बिलाच्या पीडीएफची लिंक मी पाहिली, तिच्या शेवटी साधा चढता नंबर आहे. तो एकाने वाढवून पाहा म्हणून मी तुमच्या टीमला तिथल्या तिथे सांगितलं. सांगलीच्या कुठल्याशा औषध वितरकाचं बिल उघडलं. कॉलवर दोन मिनिटं कोणी बोललं नाही. ही भेग तुम्ही आता बुजवली आहे, नाहीतर मी ती इथे लिहिली नसती. पण ती किती काळ उघडी होती आणि कोणी कोणी नंबर वाढवून पाहिला, याचं उत्तर तुम्ही मागूनही दिलेलं नाही.

"मोठमोठ्यांकडूनही होतं" हे तुमचं आवडतं वाक्य. होतं, अगदी खरं. मग ते पुढे काय करतात तेही सांगत चला. 25 डिसेंबर 2015 रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात कॅशची मांडणी चुकली आणि लोकांना दुसऱ्यांच्या खात्याची पानं दिसू लागली. अगदी तुमच्यासारखी चूक. सुमारे 34,000 लोकांची माहिती त्यात आली आणि कंपनीने तो आकडा जाहीर केला. 20 मार्च 2023 रोजी चॅटजीपीटीत एका लायब्ररीतल्या दोषामुळे काहींना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली, आणि त्या काही तासांत सेवा वापरलेल्या, पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी 1.2 टक्के लोकांची पैसे भरण्यासंबंधीची काही माहिती उघडी पडली असण्याची शक्यता कंपनीने स्वतःच सांगितली. सेवा बंद केली, दोष कुठे होता ते लिहून प्रसिद्ध केलं. 17 मे 2019 ला सेल्सफोर्सच्या एका स्क्रिप्टने काही गिऱ्हाइकांच्या कर्मचाऱ्यांना नको इतके अधिकार दिले, तर त्यांनी अख्खे सर्व्हर बंद ठेवले. गिऱ्हाइकांचं काम थांबलं, शिव्या खाव्या लागल्या, पण भलत्या माणसाच्या हाती भलती माहिती जाण्यापेक्षा त्यांनी दार लावून घेणं पत्करलं.

तुम्ही एप्रिलच्या त्या आठवड्यात गिऱ्हाइकांना एक मेसेज पाठवलात. मला त्या फाउंड्रीच्या मालकांनी दाखवला. नव्या आर्थिक वर्षाचं रिन्यूअल लवकर करा, पंधरा टक्के सूट, असा तो मेसेज होता. गोकुळ शिरगावच्या ज्या माणसाचे दर बाहेर गेले, त्यालाही तो गेला असणार. त्याला त्याचे दर बाहेर गेल्याचा मेसेज गेला नाही.

बॅकअपचंही बोलायला हवं, कारण तिथेही तुम्ही हेच केलंत. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या दुकानातल्या मुलाने एक्सेलमधून साठा चढवताना चुकीची फाइल चढवली आणि जुना साठा पुसला गेला. चूक त्यांची. त्यांनी तुमच्याकडे कालचा बॅकअप मागितला. तुमचं उत्तर: बॅकअप आहे, पण तो सगळ्यांचा मिळून एक आहे, तो लावला तर सगळीच गिऱ्हाइकं कालवर जातील, म्हणून देता येत नाही. ऐन लग्नसराईत त्या दुकानाने ठाण न् ठाण हाताने मोजून साठा पुन्हा लिहिला. तुमच्या माहितीपत्रकात 'रोजचा बॅकअप' हे शब्द आहेत. ज्याला त्याचा माल परत मिळत नाही, त्याच्यासाठी तो बॅकअप कसला?

हे असं अंगाशी येतं हे जगाला 2022 साली दिसलं होतं. 5 एप्रिलला अॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका स्क्रिप्टला चुकीचे क्रमांक दिले गेले. एक जुनं जोड-अॅप काढायचं होतं, त्याऐवजी गिऱ्हाइकांच्या पूर्ण साइट उडाल्या. 775 गिऱ्हाइकं अडकली, काहींना परत यायला चौदा दिवस लागले. त्यांच्याकडे बॅकअप नव्हते असं नाही. सगळ्यांचा मिळून माल परत आणण्याची तयारी होती. बाकीच्यांना हात न लावता मोजक्याच गिऱ्हाइकांचा तेवढा माल उचलून परत ठेवण्याची सोय झटपट होण्यासारखी नव्हती. इतक्या मोठ्या कंपनीला हे दोन आठवडे भोवलं, आणि त्यांनी सविस्तर लिहून सगळ्यांना सावध केलं. त्यानंतरही तुम्ही एका गिऱ्हाइकाचा माल वेगळा काढता येईल अशी सोय केली नाहीत. तुमच्या टीमला येत नाही म्हणून हे राहिलेलं नाही. असं काम डेमोत दाखवता येत नाही, म्हणून ते राहिलं.

डेमोत दाखवता येतं ते सगळं मात्र तुम्ही केलंत. एका साखर कारखान्याच्या वाहतूकदाराला बिलाची बेरीज वेगळ्या पद्धतीने पूर्णांकात हवी होती, तर तुमच्या कोडमध्ये लिहिलं गेलं: कंपनी क्रमांक 47 असेल तर असं कर. मग आणखी कोणासाठी तसं, आणखी कोणासाठी वेगळंच. गिऱ्हाइकागणिक बदलणारी गोष्ट सेटिंगमध्ये जायला हवी, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकतात. आता त्या कोडला हात लावायला तुमचीच माणसं घाबरतात, आणि महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटीआर-3बी भरायच्या दिवशी, एखादं मोठं गिऱ्हाईक वर्षाचा रिपोर्ट काढत बसलं की बाकी सगळ्यांची स्क्रीन गोल गोल फिरत राहते. प्रत्येकाने किती भार टाकायचा याची मर्यादा तुम्ही घातलेली नाही. विलंब शुल्क भरतो तो छोटा दुकानदार.

सामायिक यंत्रणा सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर किती जणांचा भार असतो, हे आपल्याकडे 31 जुलै 2024 ला दिसलं. लहान बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशाचं पेमेंट जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या जाळ्यापासून तोडलं. देशभरातल्या सुमारे तीनशे लहान बँका, सहकारी आणि ग्रामीण, यूपीआय आणि एटीएमपासून तुटल्या. त्या बँकांपैकी कोणाच्याही हातून चूक झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, पण तेवढ्या वेळात गावातल्या खातेदाराने कोणाला दोष दिला असेल? आपल्या बँकेला. त्याला सी-एज हे नावही माहीत नव्हतं.

तुमच्या बाबतीतही हेच होणार आहे, आणि इथे मला सगळ्यात जास्त चीड येते. शिरोलीच्या त्या फाउंड्रीचं पगारपत्रक तुमच्याकडे आहे. कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती, पीएफचे नंबर, कोणी किती उचल घेतली ते सगळं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्या कायद्याच्या नजरेत कामगारांच्या माहितीला जबाबदार आहे फाउंड्रीचा मालक. तुम्ही फक्त त्याच्या वतीने माहिती हाताळणारे. सुरक्षेत ढिलाई झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे, आणि नोटीस आधी त्याच्या दारात येऊ शकते. तुमच्याशी केलेल्या कराराची प्रत मी वाचली. नुकसानभरपाईची तुमची मर्यादा आहे तीन महिन्यांची वर्गणी. ज्या माणसाला तुमचा सर्व्हर कुठे आहे हेही माहीत नाही, त्याच्या गळ्यात तुम्ही जबाबदारी अडकवलीत आणि स्वतः तीन महिन्यांच्या वर्गणीवर मोकळे झालात.

त्याने विचारलं होतं तुम्हाला. विकत घ्यायच्या वेळी, त्याच्या केबिनमध्ये. "माझा डेटा दुसऱ्या कोणाला दिसणार नाही ना? इथले बरेच जण तुमच्याकडे आहेत." तुम्ही म्हणालात, "साहेब, प्रत्येकाचं पूर्ण वेगळं ठेवलंय." त्याला तपासता येत नव्हतं. त्याने तुमच्या शब्दावर सही केली. फाउंड्रीवाला माणूस लोखंडाचा तुकडा फोडून आतला दाणा पाहून सांगेल माल कसा आहे ते. तुमचा माल त्याला फोडून पाहता येत नाही. म्हणून तुमच्या शब्दाची किंमत त्याच्या शब्दापेक्षा जास्त असायला हवी होती.

आता कामाचं लिहितो. दोन्ही फाउंड्र्यांना लेखी कळवा: कोणाचं काय, कोणाला, कधी दिसलं. सांगलीच्या त्या औषध वितरकालाही कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे माहिती फुटल्याचं कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं. ते सहा तास कधीच उलटून गेलेत, तरी कळवा. अॅप्लिकेशनसाठी टेबलांचा मालक नसलेला वेगळा डेटाबेस-वापरकर्ता करा. हे दोन दिवसांचं काम आहे. कॅशमध्ये काहीही ठेवायचं तर ते एकाच ठिकाणाहून जाऊ द्या, आणि कंपनीचा क्रमांक नसेल तर त्या ठिकाणाने सरळ नकार द्यावा. डेमो ट्रेडर्सला आजच एक शेजारी द्या. एकेका गिऱ्हाइकाचा बॅकअप वेगळा लावून दाखवा, आणि तो कागदावर न राहता दर तिमाहीला गिऱ्हाइकासमोर लावून दाखवा. ज्याला तुम्हाला सोडून जायचं आहे त्याला त्याची बिलं, लेजर, साठा आणि बदलांची नोंद मूळ क्रमांकांसह, दुसरीकडे चढवता येईल अशा स्वरूपात, पैसे न मागता द्या. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्यांना हिशेबातल्या बदलांचा माग ठेवणं 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचं आहे; तो माग तुमच्याकडे अडकवून ठेवून गिऱ्हाईक टिकवू नका.

यातलं एक काम मात्र हे पत्र वाचून संपायच्या आत करा. तुमच्या टीमने मला सांगितलं की सर्व्हरचे लॉग तीस दिवसांनी आपोआप पुसले जातात. सर्ट-इनच्या त्याच आदेशात ते 180 दिवस ठेवायला सांगितलं आहे. एप्रिलच्या त्या आठवड्यात कोणाची यादी कोणाच्या स्क्रीनवर गेली, पीडीएफचे नंबर कोणी वाढवून पाहिले, याचा पुरावा फक्त त्या लॉगमध्ये आहे, आणि त्याला आता थोडेच दिवस उरलेत. ते पुसणं आत्ता थांबवा आणि त्याची एक प्रत दोन्ही मालकांच्या सीएंकडे पाठवा. मला पाठवू नका. त्या माहितीवर माझा हक्क नाही.

कळावे,

एक सॉफ्टवेअर अभियंता
कोल्हापूर